एक हजार नऊ धावांचं ओझं : खेळाडू मुलांकडून अपेक्षा किती ठेवायच्या?



आजचा विषय अभ्यासक्रमातला नाही, पण शाळेतलाच आहे. एखादं लेकरू खेळात चमकतं. आपण सगळे त्याला डोक्यावर घेतो. मग एक दिवस त्याची कामगिरी खालावते. तेव्हा आपण मोठी माणसं काय करतो, यावर मला आज लिहायचं आहे. सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

आमच्या लोहारा तालुक्यात खो-खोचं वेड जुनं आहे. माझ्या वर्गातली एक मुलगी आठवीत असताना चौदा वर्षांखालील संघातून खेळायची. तालुक्याला, जिल्ह्याला ती तीन-तीन मिनिटं पळायची, हाती लागायची नाही. संघ लातूर विभागापर्यंत गेला. गावात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला. परिपाठात टाळ्या झाल्या. मी स्वतः फळ्यावर तिचं नाव रंगीत खडूनं लिहिलं होतं.

पुढच्या वर्षी ती नववीत गेली आणि सतरा वर्षांखालील गटात आली. तालुक्याच्या पहिल्याच सामन्यात मिनिटभरात बाद. दुसऱ्या डावात त्याहून लवकर. संघ हरला. दुसऱ्या दिवशी परिपाठात, सगळ्या शाळेसमोर, मी हसत हसत म्हणालो, "काय गं, मागच्या वर्षीची ती पळणारी पोरगी कुठं गेली?" पोरं हसली. तीही हसली. त्यानंतर आठ दिवस ती मैदानावर आली नाही.

तिचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. आधी थोडं लांबचं पाहू, म्हणजे माझी चूक नेमकी कुठं झाली ते नीट दिसेल.

कल्याणचा एक मुलगा आणि एक हजार नऊ धावा

तारीख 4 आणि 5 जानेवारी 2016. कल्याणच्या मैदानावर भंडारी चषक ही आंतरशालेय स्पर्धा चालू होती. प्रणव धनावडे नावाच्या पंधरा वर्षांच्या, रिक्षाचालकाच्या मुलानं एका डावात नाबाद 1009 धावा केल्या. 129 चौकार, 59 षटकार. जगात कुठल्याही नोंद झालेल्या सामन्यात कुणी एका डावात हजार धावा केल्या नव्हत्या. त्याआधीचा विक्रम होता 1899 सालचा, इंग्लंडमधल्या कॉलिन्स नावाच्या शाळकरी मुलाचा, नाबाद 628 धावांचा.

दोन दिवसांत प्रणव देशाला माहीत झाला. सचिन तेंडुलकरनं त्याला बॅट भेट दिली. मुंबई क्रिकेट संघटनेनं दरमहा 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती पाच वर्षांसाठी जाहीर केली. टीव्हीवर चर्चा झाल्या. "पुढचा सचिन" हे शब्द कितीदा वापरले गेले, त्याला गणतीच नाही.

आता त्या सामन्याचा दुसरा भाग पाहा. प्रणवच्या शाळेनं 3 बाद 1465 वर डाव सोडला. समोरचा संघ पहिल्या डावात 31 आणि दुसऱ्या डावात 52 धावांत आटोपला. यावरूनच सामना किती एकतर्फी होता ते कळतं. यात प्रणवचं कर्तृत्व कमी होत नाही. दोन दिवस उन्हात उभं राहून हजार धावा काढायला दम लागतो, एकाग्रता लागते. पण तो डाव म्हणजे त्याची रोजची पातळी नव्हती. ती शालेय क्रिकेटमधली एक विलक्षण घटना होती. आपण मात्र तिलाच त्याचं माप ठरवून टाकलं.

पुढं जे व्हायचं तेच झालं. मोठ्या मैदानांवर, चांगल्या गोलंदाजांसमोर धावा आटल्या. प्रत्येक वेळी तो बाद झाला की लोकांना 1009 आठवायचे. 2017 मध्ये त्याच्या वडिलांनीच संघटनेला कळवलं की मुलाची कामगिरी खालावली आहे, शिष्यवृत्ती थांबवावी.

पालकहो, इथं क्षणभर थांबा. बापाचा प्रामाणिकपणा मोठाच. घरात पैशाची गरज असताना असं पत्र लिहायला मन मोठं लागतं. पण मला त्यात आपल्या सगळ्यांची हार दिसते. शिष्यवृत्ती कशासाठी असते? शिकणाऱ्याला शिकता यावं म्हणून. म्हणजे मुलगा अडखळत असतो तेव्हाच तिची खरी गरज असते. त्या घराला मात्र तो पैसा धावांच्या बदल्यात मिळणारा मोबदला वाटू लागला. धावा थांबल्या, मग पैसे घेणं चुकीचं. इतकं ओझं त्या घरावर कुणी टाकलं? आपणच. टाळ्या वाजवणाऱ्यांनी.

"संपला" म्हणायची घाई

दुसरं उदाहरण पृथ्वी शॉचं. विरारचा मुलगा. नोव्हेंबर 2013 मध्ये, चौदाव्या वर्षी, हॅरिस शिल्डमध्ये 546 धावा. 2018 च्या फेब्रुवारीत एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कर्णधार. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत 134 धावा. वय अठरा. अठराव्या वर्षी एवढं सगळं.

मग पायाचा घोटा दुखावला. 2019 मध्ये खोकल्याच्या औषधातून प्रतिबंधित द्रव्य शरीरात गेल्यानं आठ महिन्यांची बंदी आली. डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला सामन्याच्या दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडाला. दुसऱ्या डावात 4 धावा. त्याच डावात सगळा संघ 36 धावांत आटोपला होता, पण मोबाईलवर चेष्टा रंगली ती जास्त करून याच पोराची. बॅट आणि पॅडमधली फट सगळ्या देशाला दिसली. "संपला" असं लोक म्हणाले.

दोन-तीन महिन्यांत, 2021 च्या सुरुवातीला, विजय हजारे स्पर्धेत त्यानं 8 सामन्यांत 827 धावा काढल्या. त्यात एक डाव नाबाद 227 चा. लोक म्हणाले, "परत आला!" पुन्हा घसरण. जानेवारी 2023 मध्ये रणजी सामन्यात आसामविरुद्ध 379. पुन्हा दुखापत, पुन्हा घसरण. 2024 मध्ये मुंबईच्या रणजी संघातून वगळलं गेलं आणि आयपीएलच्या लिलावात कुणी घेतलं नाही. 2025 मध्ये महाराष्ट्राकडून खेळायला लागला आणि चंदीगडविरुद्ध 222 धावा काढल्या.

या चढउताराला फक्त चाहते जबाबदार आहेत असं मी म्हणणार नाही. तंदुरुस्ती आणि शिस्त याबद्दल त्याच्यावर टीका झाली, आणि मोठ्या खेळाडूनं ती ऐकलीही पाहिजे. कोवळ्या वयात मिळालेलं कौतुक पचवणं ही त्याचीही जबाबदारी आहेच. पण शिक्षक म्हणून मला वेगळा प्रश्न पडतो. चौदाव्या वर्षी ज्याला देशानं मोठा माणूस करून टाकलं, त्याला चुका करत करत मोठं व्हायला जागा कुठं उरली? आपल्या वर्गातलं पोरगं नववीत चुकतं, दहावीत सुधारतं. ते फक्त आपण पाहतो. त्याचं चुकणं मात्र सगळा देश पाहत होता.

हे आपल्याकडंच होतं असं नाही. अमेरिकेत कॉलेजांमधल्या फुटबॉलचं (त्यांचा फुटबॉल वेगळा, हातानं चेंडू फेकायचा) आपल्या क्रिकेटसारखंच वेड आहे. मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात एक लाखाहून जास्त प्रेक्षक बसतात. त्यात क्वार्टरबॅक नावाचा एक खेळाडू असतो. चेंडू तो फेकतो. वय अठरा ते बावीस, म्हणजे आपल्याकडचा कॉलेजातला पोरगाच. संघ जिंकला की त्याचा जयजयकार आणि हरला की सगळं खापर त्याच्यावर. मागच्या वर्षी ज्याचं नाव पाठीवर छापलेले सदरे घालून लोक यायचे, त्यालाच यंदा बाहेर बसवा म्हणून ओरडतात. त्याची परीक्षाही त्याच आठवड्यात असते, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

कामगिरी खालावते म्हणजे नेमकं काय होतं?

पोरगं घसरलं की आपल्याकडं दोनच निदानं असतात. "हवा डोक्यात गेली" किंवा "लक्ष नाही राहिलं". खरी कारणं बहुतेक वेळा वेगळी असतात. ती आपल्याला माहीत असायला हवीत.

पहिलं कारण गटबदलाचं. शालेय स्पर्धांत चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील असे गट असतात. चौदाच्या गटातलं सर्वात मोठं पोरगं पुढच्या वर्षी सतराच्या गटातलं सर्वात लहान पोरगं होतं. ते तेवढंच जोरात पळतं, पण पाठलाग करणारी आता दहावी-अकरावीची असतात. त्याचा खेळ कमी झालेला नसतो, समोरचा गडी बदललेला असतो.

दुसरं, शरीराचं. काही मुलं लवकर वाढतात. बाराव्या-तेराव्या वर्षी ती इतरांपेक्षा उंच आणि दणकट असतात, म्हणून जिंकतात. दोन-तीन वर्षांत बाकीची मुलं त्यांना गाठतात. शिवाय उंची भरभर वाढते त्या काळात शरीराचा तोल आणि चपळाई काही दिवस बिघडते. मुलींच्या बाबतीत पाळी सुरू झालेली असते, रक्त कमी असतं. याबद्दल मैदानावर कुणी बोलत नाही.

तिसरं, समोरचे शिकतात. एखाद्याची हुलकावणी नवी असते तोवर चालते. मग सगळ्यांना कळतं की ही खांबापाशी नेहमी डावीकडंच वळते. ॲडलेडला शॉची फट दिसली तसंच हे. आता खेळाडूला नवीन काही शिकायला लागतं, आणि नवीन शिकताना जुनंही काही काळ बिघडतं. गणिताची नवी पद्धत शिकवल्यावर मुलं चार दिवस जास्त चुका करतात, हे आपण रोज पाहतो की!

चौथं कारण सगळ्यात साधं, आणि सगळ्यात दुर्लक्षित. फार चांगल्या दिवसानंतर साधारण दिवस येणं हा नियमच आहे. चाचणीत 98 मिळवलेल्या मुलाला पुढच्या चाचणीत बहुधा थोडे कमीच पडतात. तो बिघडला म्हणून नव्हे. त्या 98 मध्ये त्याच्या अभ्यासासोबत त्या दिवसाची थोडी अनुकूलताही होती, म्हणून.

यावर एक किस्सा प्रत्येक शिक्षकानं लक्षात ठेवावा असा आहे. पुढं 2002 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन एकदा इस्रायलच्या हवाई दलातल्या प्रशिक्षकांना शिकवत होते. शिक्षेपेक्षा शाबासकीनं माणूस जास्त शिकतो, असं ते सांगत होते. एक अनुभवी प्रशिक्षक उठून म्हणाला की त्याचा अनुभव उलटा आहे. उड्डाण उत्तम झालं म्हणून कौतुक केलं की पुढचं बिघडतं, आणि वाईट झालं म्हणून ओरडलं की पुढचं सुधारतं. कानेमनच्या लक्षात आलं की इथं ओरडण्याचा आणि कौतुकाचा काहीच संबंध नाही. फार चांगल्यानंतर साधारण येतं आणि फार वाईटानंतरही साधारणच येतं. प्रशिक्षकाला मात्र वाटतं की आपल्या ओरडण्यानंच सुधारलं.

आपणही असेच फसतो. हरलेल्या पोराला झापतो, पुढच्या सामन्यात ते बरं खेळतं, आणि आपण मिशीला पीळ देतो.

मग अपेक्षा ठेवायच्याच नाहीत का?

ठेवायच्या. जरूर ठेवायच्या. ज्या लेकराकडून कुणालाच काही अपेक्षा नाही, त्याच्यासारखं एकटं लेकरू नाही. आमच्या भागातल्या कितीतरी मुली केवळ एखाद्या सरांनी किंवा बाईंनी "तू करशील" म्हटलं म्हणून पुढं गेल्या.

पण अपेक्षा आणि वसुली यात फरक आहे. "तू आज जीव तोडून पळ" ही अपेक्षा. "मागच्या वर्षी तीन मिनिटं पळालीस, आता तीनच्या खाली चालणार नाही" ही वसुली. पोराचा सगळ्यात चांगला दिवस म्हणजे त्यानं आपल्याला दिलेला आनंद. आपण तो कर्जासारखा मांडून ठेवतो आणि दर सामन्याला हप्ता मागतो.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण घ्या. धाराशिवच्या सारिका काळे 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय खो-खो संघाच्या कर्णधार होत्या. 2020 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आज सगळे त्यांचं नाव घेतात. पण पुरस्काराच्या वेळी त्यांनीच सांगितलं होतं की कित्येक वर्षं दिवसातून एकदाच जेवण मिळायचं. घरच्या परिस्थितीनं खचून 2016 मध्ये खेळ सोडून द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. प्रशिक्षकांनी समजूत काढून त्यांना मैदानावर परत आणलं. त्या वेळी त्यांना कुणी "तुझी कामगिरी कुठं गेली?" एवढंच विचारलं असतं तर?

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला. आता खेड्यापाड्यांतल्या मैदानांवर अपेक्षा आणखी वाढणार. चांगलंच आहे. फक्त ते ओझं बारा-तेरा वर्षांच्या खांद्यांवर किती टाकायचं, हे आपण ठरवायचं आहे.

आपण काय करू शकतो?

शिक्षकांसाठी:

1. कौतुक करताना कामाचं करा, उपाधी देऊ नका. "आज तू शेवटपर्यंत खांब सोडला नाहीस" हे म्हणा. "तालुक्याची पी. टी. उषा" हे नको. उपाधी काढून घेतली जाते तेव्हा फार लागतं.
2. घसरण दिसली की आधी चौकशी, मग चर्चा. झोप किती होते? सकाळी काय खाऊन येते? फळ्यावरचं नीट दिसतं का? कुठं दुखतंय का? शाळेत आरोग्य तपासणीचं पथक येतं, त्यांना त्या मुलाबद्दल मुद्दाम सांगा.
3. गट बदलणाऱ्या मुलांना आधीच कल्पना द्या. "हे वर्ष शिकायचं आहे, निकाल पुढच्या वर्षी बघू" एवढं एक वाक्य पुरतं.
4. चूक एकट्यात सांगा, सगळ्यांसमोर नको. हे मी स्वतः ठेच लागून शिकलो.

पालकांसाठी:

1. सामन्याहून आलेल्या लेकराला पहिला प्रश्न "जिंकलास का?" असा विचारू नका. "जेवलास का?" हा प्रश्न आपल्या आयाबाया पिढ्यान् पिढ्या विचारत आल्या आहेत. तोच बरोबर आहे.
2. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात हे खरं, पण खेळ त्यासाठीच आहे असं मुलांना वाटू देऊ नका.
3. जिंकल्यावर फ्लेक्स लावणार असाल तर सगळ्या संघाचा लावा. एकट्याचा फोटो चौकात लावला की हरल्यावर त्याच चौकातून त्याला मान खाली घालून जावं लागतं.
4. मुलीची कामगिरी घसरली म्हणून तिचा खेळ बंद करू नका. यावर थोडं सविस्तर बोलायला हवं.

त्या मुलीचं पुढं काय झालं?

आठ दिवस ती मैदानावर आली नाही तेव्हा मी तिच्या घरी गेलो. वडील अंगणात होते. म्हणाले, "सर, आता बास झालं. पळणं बी गेलं अन् आब्यास बी गेला. पोरीच्या जातीला किती दिवस पळवायचं?" आपल्या भागात या वाक्याचा अर्थ काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. आधी खेळ सुटतो. मग जादा तास सुटतो. मग "दहावी झाली की बघू" सुरू होतं. मुलगी चांगली खेळते तोवर खेळ हीच तिची ढाल असते. म्हणून तिच्या घसरणीची थट्टा ही साधी थट्टा राहत नाही. परिपाठातलं माझं वाक्य पोरांच्या तोंडून त्या घरात पोचलं होतं, आणि वडिलांना कारण मिळालं होतं.

तिच्या आईकडून कळलं की ते दिवस उडीद-मुगाच्या तोडणीचे होते. पोरगी पहाटे उठून आईसोबत रानात जायची, तिथून शाळेत, शाळेतून मैदानावर. पुढं तपासणी केली तेव्हा हिमोग्लोबिन नऊच्या आसपास निघालं. आणि आम्ही विचारत होतो, मागच्या वर्षीची पळणारी पोरगी कुठं गेली!

मी वडिलांना म्हणालो, "भाऊ, चूक माझी झाली. पोरीला पळू द्या, नाही पळाली तरी चालंल." दोन-तीन चकरा माराव्या लागल्या. क्रीडाशिक्षकांनीही समजावलं. ती परत आली. दुसऱ्या दिवशी परिपाठात मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. थट्टा सगळ्यांसमोर केली होती, मग माफीही तिथंच मागायला हवी होती.

ती पुन्हा तीन मिनिटं पळू लागली असं सांगता आलं असतं तर गोष्ट छान झाली असती. तसं झालं नाही. आता ती बरी खेळते, संघात असते, पाठलागात तिचा खो चांगला बसतो. तिच्यापेक्षा छान पळणाऱ्या दोन मुली संघात आहेत. पण ती दहावीत आहे, शाळेत आहे, आणि रोज संध्याकाळी मैदानावर असते. मला विचाराल तर हा निकाल विभागीय विजेतेपदापेक्षा मोठा आहे.

तुमच्याही शाळेत किंवा घरात असं एखादं लेकरू असेल, मागच्या वर्षी चमकलेलं आणि यंदा गप्प झालेलं. उद्या त्याला भेटा. खेळाबद्दल काही विचारू नका. नुसतं विचारा, "कसा आहेस रे बाळा?"